शाळेचा वेळ आणि शिक्षकाचे अवधान

सुताराचा अर्धा तास वाया गेला, तर तिफण तयार होण्यास अर्धा तास उशीर होतो आणि त्या हानीचा हिशेब बहुधा तेथेच संपतो. शिक्षकाच्या व्यवसायात मात्र काळाचे मोल निराळ्या रीतीने मोजावे लागते. ३० मुलांच्या वर्गात शिक्षकाची १० मिनिटे व्यर्थ गेली, तर घड्याळाचा काटा १० मिनिटेच पुढे सरकतो. परंतु मुलांच्या बाजूने पाहिले असता ते ३०० मिनिटांचे, म्हणजे ५ तासांचे नुकसान होय. वेळेचे नियोजन हा शिक्षकाच्या सोयीचा प्रश्न नसून मुलांच्या हक्काचा प्रश्न आहे, तो याच कारणाने.

खेड्यातील शाळेत वेळ पुरत नाही, ही शिक्षकांची नित्याची तक्रार आहे आणि ती पुष्कळ अंशी खरी आहे. एकाच शिक्षकाकडे दोन, क्वचित चारही इयत्ता असतात. त्याखेरीज हजेरी, पोषण आहार, शिष्यवृत्तीचे अर्ज, निरनिराळी नोंदपत्रके आणि मोबाईलवरून दिवसभर येणारे निरोप यांचा भार असतोच. तथापि या तक्रारीत दोन भिन्न गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक वेळ आणि दुसरे अवधान. वेळ घड्याळात दिसतो, अवधान दिसत नाही. तास पुरा भरला, शिक्षक वर्गात हजर होता, फळ्यावर लेखनही झाले, पण त्याचे चित्त अन्यत्र होते, अशा वेळी वेळापत्रक पाळले गेले तरी पाठ झाला असे म्हणता येत नाही. तेव्हा या दोहोंचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे.

तासांचा हिशेब

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या अधिनियमाच्या अनुसूचीत पहिली ते पाचवी या इयत्तांसाठी वर्षाला किमान २०० दिवस कामाचे आणि ८०० तास अध्यापनाचे ठरविलेले आहेत. म्हणजे दररोज सरासरी ४ तास प्रत्यक्ष अध्यापन झाले पाहिजे. शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे किमान तास ४५ धरलेले असून, त्यांत पाठांच्या पूर्वतयारीचाही समावेश आहे. पूर्वतयारी हे फावल्या वेळातील काम नसून कामाच्या वेळेतील काम आहे, हे तत्त्व कायद्यानेच मान्य केले आहे.

आता या ४ तासांतून काय गळते ते पाहावे. परिपाठ लांबला म्हणून १० मिनिटे, मधल्या सुटीनंतर मुले जागेवर बसेपर्यंत ५ मिनिटे आणि निरोप वाचणे, उत्तरे देणे, माहिती शोधणे यांत १५ मिनिटे, असे दिवसाला अर्धा तासच गेला असे समजावे. २०० दिवसांत ते १०० तास होतात. १०० तास म्हणजे ८०० तासांचा आठवा हिस्सा, म्हणजेच शाळेचे पूर्ण २५ दिवस. महिनाभर शाळा बंद राहिली तर गावात चर्चा होईल, वरिष्ठांकडे तक्रार जाईल. पण तेवढाच वेळ चिमटीचिमटीने गेला, तर तो कोणाच्याही ध्यानात येत नाही. यात एखाद्याचा आळस असतो असेही नाही. धान्याच्या पोत्याला बारीक छिद्र असावे, तसा हा प्रकार असतो.

अवधान कसे मोडते

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अवधानाचे मार्मिक विवेचन केले आहे. प्रयत्नपूर्वक दिलेले लक्ष काही क्षणांपलीकडे सलग टिकत नाही. ते सुटते आणि पुन्हा आणावे लागते, असे त्याचे प्रतिपादन होते. विषयाची नवी बाजू समोर येत राहिली तरच मन तेथे रमते. मुलांचे लक्ष उडते म्हणून त्यांच्यावर रागावणाऱ्या शिक्षकाने हे ध्यानी घ्यावे, आणि हाच नियम आपल्यालाही लागू आहे याचाही विसर पडू देऊ नये.

सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मनुष्य एक काम सोडून दुसऱ्याकडे वळतो, तेव्हा त्याचे सगळे लक्ष त्याच्याबरोबर वळत नाही. लक्षाचा काही अंश मागच्या कामापाशी रेंगाळतो, विशेषतः ते काम अपुरे राहिले असेल तर, आणि त्यामुळे पुढचे काम उणे होते.

वर्गातील साधा प्रसंग घ्यावा. दुसरीची मुले बेरजा करीत आहेत. एका मुलीने २७ आणि १५ यांची बेरीज ३१२ अशी मांडली आहे. ७ आणि ५ मिळून १२, २ आणि १ मिळून ३, असा तिचा विचार आहे. हातच्याची कल्पना तिला उमगलेली नाही. इतक्यात मोबाईल वाजतो. कोणती तरी माहिती तातडीने हवी आहे. शिक्षक निरोप वाचतो. त्यास अर्धे मिनिटही लागत नाही. तो पुन्हा मुलांकडे वळतो, पण मन त्या माहितीत गुंतलेले असते. मुलगी पाटी पुढे करते. तो ओझरते पाहतो, मांडणी नीटनेटकी दिसते म्हणून मान हलवतो आणि पुढे जातो. ती चूक गुरुजींनी बरोबर ठरविली, असे समजून मुलगी घरी जाते. घड्याळाच्या हिशेबाने येथे अर्धे मिनिट गेले. शिक्षणाच्या हिशेबाने काय गेले, ते तिसरीत वजाबाकी आणि चौथीत भागाकार शिकविताना कळून येते.

यावर उपाय आहे. निरोप तातडीचा नसेल तर तो वर्गात उघडूच नये. अडथळा टाळता आलाच नाही, तर उठण्यापूर्वी आपण कोठे थांबलो आणि परत आल्यावर प्रथम काय करावयाचे, हे फळ्याच्या कोपऱ्यात दोन शब्दांत लिहून ठेवावे. लरॉय यांनी थेरेसा ग्लोम्ब यांच्यासह २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशी छोटी टिपणी करून उठणाऱ्यांचे मन दुसऱ्या कामात अधिक चांगले लागते असे आढळले. परत आल्यावर ज्या मुलाची पाटी पाहावयाची राहिली, त्याच्यापासूनच आरंभ करावा.

जोडवर्गाचे वेळापत्रक

चार इयत्ता आणि एकच शिक्षक अशा शाळेत प्रत्येक इयत्तेला स्वतंत्रपणे शिकवावयाचे म्हटले, तर ४ तासांतून प्रत्येकीच्या वाट्याला १ तास येतो. उरलेले ३ तास मुलांनी आपले आपण काम करावयाचे असते. दोन शिक्षक असले तर हा वाटा २ तासांचा होतो. या अंकगणितातून एक गोष्ट उघड होते. अशा शाळेत शिक्षक काय शिकवतो, याइतकेच शिक्षक दुसरीकडे असताना मुले काय करतात, याला महत्त्व आहे. स्वयंअध्ययनाचे काम आयत्या वेळी सुचेल ते दिले, तर ते ५ मिनिटांत संपते, मुले शिक्षकाच्या अंगाशी येऊन उभी राहतात आणि दोन्ही इयत्तांचा पाठ मोडतो. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अशा वर्गास तंतोतंत लागू पडते.

पहिली आणि दुसरी एकत्र असलेल्या वर्गात ४० मिनिटांच्या गणिताच्या तासाची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिली ५ मिनिटे : दोन्ही इयत्तांना मिळून तोंडी गणिते, त्यानंतर पहिलीस काड्या मोजून १०-१० चे गठ्ठे बांधण्याचे काम.
पुढील १५ मिनिटे : दुसरीस हातच्याच्या बेरजेचा प्रत्यक्ष पाठ.
त्यापुढील १५ मिनिटे : दुसरीस आधीच लिहून ठेवलेल्या फलकावरील सहा बेरजा, पहिलीस गठ्ठे व सुट्या काड्या यांवरून संख्यांचा प्रत्यक्ष पाठ.
शेवटची ५ मिनिटे : दोन्ही इयत्तांच्या पाट्या पाहणे आणि ज्यांचे चुकले त्यांची नावे टिपणे.

या विभागणीत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. काम देण्याची सामग्री तासापूर्वीच तयार आहे. दोन्ही इयत्तांना एकाच साहित्याचा उपयोग होत आहे. आणि पाट्या पाहण्याची ५ मिनिटे वेळापत्रकातच राखलेली आहेत. ती उरलीच तर वापरावयाची नाहीत. या शेवटच्या ५ मिनिटांचा त्याग सर्वांत आधी केला जातो आणि तोच सर्वांत महाग पडतो.

मोठ्या मुलांकडून लहानांचे काम करून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मद्रास येथील एग्मोरच्या लष्करी अनाथालयात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत सुरू केली. तेथील शिक्षकांनी ती मनावर घेतली नाही, तेव्हा त्याने मोठ्या मुलांकरवी लहानांस शिकविण्यास प्रारंभ केला. त्याचा वृत्तान्त १७९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि ती पद्धत इंग्लंडभर पसरली. परंतु तिची मर्यादाही पुढे दिसून आली. पाढे म्हणवून घेणे, शब्द वाचवून घेणे, साहित्य वाटणे ही कामे गटप्रमुख उत्तम करतो. नवा विषय समजावून देणे आणि चुकीमागील कारण शोधणे ही कामे त्याची नव्हेत. ३१२ हे उत्तर चूक आहे एवढे चौथीचा मुलगा सांगू शकेल. ते का आले, हे ओळखण्यास शिक्षकच हवा. गटप्रमुखामुळे वाचलेला शिक्षकाचा वेळ याच कामी लागला पाहिजे. शिवाय गटप्रमुखही विद्यार्थीच आहे. त्याच्या स्वतःच्या अभ्यासाची घडी मोडणार नाही, अशा बेताने ही जबाबदारी आळीपाळीने द्यावी.

घाई म्हणजे काटकसर नव्हे

वेळ कमी आहे म्हणून शिक्षक घाई करतो आणि घाईने वेळ वाचतो असे त्यास वाटते. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने १९७० च्या सुमारास प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या पाठांची ध्वनिमुद्रणे तपासली. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात, असे तिला आढळले. तेवढ्यात उत्तर आले नाही की ते दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हाच अवधी ३ सेकंद किंवा त्याहून अधिक केला, तेव्हा मुलांची उत्तरे विस्तृत झाली, न बोलणारी मुले बोलू लागली आणि निरुत्तर राहणाऱ्यांची संख्या घटली.

एका तासात २० प्रश्न विचारले आणि प्रत्येकामागे २ सेकंद अधिक थांबले, तरी एकूण ४० सेकंदच अधिक लागतात. वर्गातील भित्र्या मुलास बोलण्याची संधी एवढ्या अल्प मोलात मिळत असेल, तर यापरता लाभाचा व्यवहार नाही. वेळेचे नियोजन म्हणजे सर्वत्र वेग वाढविणे नव्हे. जेथे थांबणे अवश्य आहे तेथे थांबता यावे, म्हणून इतरत्र वेळ राखून ठेवणे, हा त्याचा खरा अर्थ आहे.

कागदाचा वेळ आणि मुलांचा वेळ

नोंदी, पत्रके आणि माहिती हा शाळेच्या व्यवस्थेचा अपरिहार्य भाग आहे. प्रश्न तो करावा की न करावा हा नसून, केव्हा करावा हा आहे. पुढील पथ्ये अनेक शाळांना उपयुक्त ठरतील.

पटावरील संख्या, मुलगे व मुली, प्रवर्ग, खोल्या, स्वच्छतागृहे, वीज, पाणी ही माहिती वर्षातून अनेकदा मागितली जाते आणि ती बहुधा तीच असते. ती एका वहीत एकत्र लिहून दर महिन्याच्या पहिल्या दिवशी तपासून ठेवावी. मग पत्रक भरण्यास दप्तर धुंडाळावे लागत नाही.

पोषण आहाराची दैनिक संख्या हजेरी होताच त्याच बैठकीत नोंदवावी. बाकीचे कागदी काम शाळा सुटल्यानंतरच्या ठरावीक अर्ध्या-पाऊण तासात एकत्र उरकावे. मोबाईल परिपाठापूर्वी, मधल्या सुटीत आणि शाळा सुटल्यावर असा तीन वेळा पाहावा. एरवी तो कपाटात असावा. तातडीच्या निरोपासाठी फोन करावा, अशी सूचना देऊन ठेवल्यास कोणाचे अडत नाही.

वह्यांचा ढीग एका बैठकीत उपसू नये. नॉर्मन मॅकवर्थ याने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तबकडीवरील काट्याची क्वचित होणारी मोठी उडी टिपण्याचे एकसुरी काम माणसांस दिले असता, पहिल्या अर्ध्या तासानंतर त्यांच्या नजरेतून अधिक उड्या सुटू लागल्या. वह्या तपासणे हे काम निराळे असले, तरी थकलेल्या डोळ्यांना चुका दिसत नाहीत, हा अनुभव प्रत्येक शिक्षकास आहे. रोज दहा वह्या लक्षपूर्वक पाहणे हे शनिवारी साठ वह्यांवर सह्या करण्यापेक्षा श्रेयस्कर होय.

पालक शाळेत आले तर त्यांचा आदर करावा, त्यांस बसावयास द्यावे आणि मधल्या सुटीत किंवा शाळा सुटल्यावर निवांत बोलण्याची विनंती करावी. आपल्याच मुलाचा पाठ चालू आहे, असे पाहिल्यावर सहसा कोणी पालक त्यास नकार देत नाही.

द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक बैठकीस गेला किंवा रजेवर असला, म्हणजे चारही इयत्ता दुसऱ्यावर येतात. असा दिवस येणार हे निश्चित असते. तो कोणता, एवढेच ठाऊक नसते. त्यासाठी प्रत्येक इयत्तेची एक दिवसाची कामे लिहिलेली पाकिटे कपाटात तयार ठेवावीत आणि वापरल्यावर पुन्हा भरावीत.

याबरोबरच हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, अवधानभंगाचा सारा दोष शिक्षकाच्या माथी मारता येणार नाही. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकास नेमू नये, असे उपरोक्त अधिनियमाचे २७ वे कलम सांगते. माहिती मागविणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने ती एकदाच, पुरेशी मुदत देऊन आणि शाळेची वेळ सोडून मागवावी. एका निरोपाने शंभर शाळांतील शंभर पाठ एकाच क्षणी मोडतात, याची जाणीव निरोप धाडणाऱ्यास असली पाहिजे.

मुलाचे वेळापत्रक

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे कार्य केले, त्यात वेळेचा एक मोठा धडा आहे. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. मुलांच्या अंगणात बालवाडी भरविली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल ज्या वेळी आणि ज्या ठिकाणी मोकळे असेल, ती शाळेची वेळ आणि ते शाळेचे ठिकाण, असा त्यांचा विचार होता.

प्रत्येक शाळेस कुरणात जाता येणार नाही. परंतु भाताच्या लावणीत, कापसाच्या वेचणीत किंवा ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गेलेले मूल परत येते, तेव्हा त्याच्यासाठी वेळापत्रकात जागा आहे काय, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकास विचारता येईल. दररोज १५ मिनिटे अशा मागे राहिलेल्या मुलांसाठी राखून ठेवली, तर वर्षाअखेर ते ५० तास होतात. वर हिशेबात दिसलेल्या १०० तासांच्या गळतीपैकी निम्मी थांबविली, तरी एवढा वेळ हाती येतो. त्यासाठी शाळेची वेळ वाढविण्याचे कारण नाही.

या सर्वांचा आरंभ एका साध्या नोंदीने करता येईल. एका आठवड्यापुरती एक वही घालावी. तीत प्रत्येक दिवशी चार आकडे लिहावेत : प्रत्यक्ष शिकविण्यात गेलेली मिनिटे, मुलांची पाटी किंवा वही पाहण्यात गेलेली मिनिटे, कागदी कामात गेलेली मिनिटे आणि पाठ मध्येच मोडल्याचे प्रसंग. ही वही कोणास दाखवावयाची नाही. ती शिक्षकाने स्वतःसाठीच ठेवावयाची आहे. शनिवारी बेरीज केली म्हणजे छिद्र कोठे आहे ते दिसते, आणि मग एका वेळी एकच छिद्र बुजवावे. सारे वेळापत्रक एका दिवसात बदलू पाहणारा शिक्षक बहुधा पुढच्या आठवड्यात जुन्याच रीतीवर येतो.

असे केल्याने शिक्षकाची कामे कमी होतील असे नाही. परंतु ३१२ असे उत्तर लिहिलेली पाटी पुढे आली असता, ती पाहण्यास शिक्षकाजवळ दोन मिनिटे असतील आणि त्या दोन मिनिटांत त्याचे मन तेथेच असेल. तो २७ काड्या आणि १५ काड्या पुढे मांडील, सुट्या काड्यांतून १० काड्यांचा नवा गठ्ठा मुलीलाच बांधावयास लावील आणि गठ्ठे चार झाले, सुट्या दोन राहिल्या, हे तिचे तिला दिसेल. वेळापत्रक, पूर्वतयारी आणि मोबाईल कपाटात ठेवणे, या साऱ्यांचा हेतू त्या दोन मिनिटांपलीकडे अन्य काही नाही.